कळंबच्या दवाखान्यावरचा लाल क्रॉस

मुलगी बघायचा कार्यक्रम असतो, मुलगा बघायचा असतो, झालंच तर जागा बघायची असते. पण मुलीच्या प्राध्यापिकेला बघायचा कार्यक्रम आमच्या आबांशिवाय आणखी कुणी ठेवला असेल असं मला वाटत नाही. "कोंडाण्याच्या लेण्यांबद्दल लिहा ना," असं तुमच्यापैकी बरेच जण मागे लागले होतात, म्हणून लिहिते आहे. फक्त माझी ही सहल ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची आहे आणि तिच्यात लेण्यांपेक्षा एक दवाखानाच जास्त आहे, तेवढं चालवून घ्या.

तेव्हा मी मुंबईत कायद्याची पदव्युत्तर परीक्षा देऊन निमकर बाईंच्या हाताखाली शिकवायला लागले होते. विषय युद्धाचे कायदे. म्हणजे लढाईत कुणावर हत्यार चालवायचं नाही, कैद्याला कसं वागवायचं, आणि हे मोडणाऱ्याला कुठल्या न्यायालयात उभं करायचं. नातेवाईक विचारायचे, "म्हणजे नक्की करतेस काय गं?" आणि मी सांगून होईपर्यंत त्यांचा चहा संपलेला असायचा. त्यातच जिनिव्हाच्या एका संस्थेत दोन वर्षं शिकायची संधी आली. शिष्यवृत्तीसकट! बाई आनंदाने उड्या मारायच्याच बाकी होत्या. आता राहिले आबा, म्हणजे माझे वडील. कळंबला आमची भातशेती, आबा म्हणजे घरातलं शेवटचं न्यायालय, त्यावर अपील नाही. त्यांनी निरोप धाडला, "जिच्या नादानं पोरगी समुद्रापार निघाली, ती बाई मला आधी बघायची हाय. मंग सांगतो." जिनिव्हाला होकार त्याच आठवड्यात कळवायचा होता. आबा नाही म्हणाले असते तर मी गेले नसते. तशी हिंमत तेव्हा माझ्यात नव्हती.

बाईंना मी चाचरत सांगितलं. त्यांना कोण गंमत वाटली! "अगं, साठीला आले, आजवर मला कुणी बघायला बोलावलं नाही. साडी कुठली नेसू?" आणि लगेच अट घातली, "मात्र वाटेत मला कोंडाण्याची लेणी दाखवायची."

जानेवारीतला शनिवार होता. पुण्याकडे जाणारी सकाळची गाडी धरून आम्ही कर्जतला उतरलो. घाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडतात, तेवढ्या वेळात सगळा फलाट वडे खात असतो. तुम्हीही खा, पण गाडी सुटायच्या आत घ्या. गाडी गेली की पुढचा घाणा पुढच्या गाडीपर्यंत निघत नाही. बाईंनी दोन खाल्ले, तिसरा पर्समध्ये ठेवला.

स्टेशनबाहेर पडलो आणि बाई थबकल्या. समोर औषधांचं दुकान, त्याच्या पाटीवर पांढऱ्यावर ठसठशीत लाल क्रॉस. मी मनात म्हटलं, झालं! हे बाईंचं नेहमीचं होतं. ती खूण दिसली की त्या आत शिरायच्या.

"नमस्कार. हा लाल क्रॉस तुमचा नाही."

दुकानदाराने मान वर केली. "बाय, पाटी आमची, रंग आमचा, पेंटरला पैशे आमीच दिलेत."

"पाटी तुमची. खूण लढाईतल्या जखमींची आणि त्यांना उचलणाऱ्यांची. ती दिसली की बंदूकवाल्याने बंदूक खाली करायची, असं जगाचं ठरलंय. आपल्याकडे तसा कायदाच आहे."

"मंग मी काय करू?"

"पुसा."

"पुसतो की. बसा, सरबत घ्या." सरबत फार छान होतं. क्रॉस त्यानंतरही कैक वर्षं तिथंच होता, मी येता-जाता बघायची.

कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत आम्हाला टेंपो मिळाला, मागे कोंबड्यांच्या खुराड्यांशेजारी. तिथून पुढे पायी. आता रस्ता बराच पुढपर्यंत गेलाय म्हणतात. तरी पाणी घरून भरूनच न्या, वाटेत काही मिळत नाही. चढ अवघड नाही, झाडीतून जातो, थंडीत तर मजाच. बाई कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या आणि माझ्या चपलेचा अंगठा पहिल्याच ओढ्यात तुटला. बाकीची वाट मी बाईंच्या पर्समधल्या सुतळीवर काढली.

लेणं अचानकच समोर येतं. कातळात कोरलेली उंच कमान, वर नाचणारी जोडपी, खाली अंधारं थंडगार सभागृह. डावीकडे एका भंगलेल्या मूर्तीपाशी ब्राह्मीत एक ओळ आहे. कुणा शिष्याने आपण हे केल्याचं लिहिताना गुरूचं नाव आधी घातलंय. बाईंनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "हे असे शिष्य हल्ली कुठं मिळतात!" मी म्हटलं, "असे डोंगर हल्ली कुठं मिळतात कोरायला?" बाई इतक्या हसल्या की वटवाघळं उडाली. मग पर्समधला तिसरा वडा आम्ही तिथं निम्मा निम्मा खाल्ला.

उतरताना मात्र त्या गंभीर झाल्या. "वसू, तुझे आबा काय विचारतील गं?"

"काहीही विचारतील. बाई, एक विनंती आहे. उद्या दादाच्या दवाखान्याचं उद्घाटन आहे, गाव जमेल. तुम्ही फक्त... जरा बेतानं घ्या."

"म्हणजे तोंड बंद ठेवू?"

"थोडंसं."

"ठेवते. तुझ्या जिनिव्हासाठी तेही करीन."

संध्याकाळच्या एसटीने आम्ही कळंबला पोचलो. दादा माझा थोरला भाऊ, नुकताच डॉक्टर झालेला. शहरातली नोकरी सोडून त्याने गावात दवाखाना काढला होता आणि त्याचं सगळ्यांना कौतुक होतं, मलाही. दवाखान्याच्या पुढच्या भिंतीवर चादर टांगलेली होती. "उद्या बघ," दादा हळूच म्हणाला, "खालापूरहून पेंटर आणलाय. तुला आवडलं नाही तर नाव बदलीन."

आईने पोपटी लावली होती. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते: मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलथं करून वर पेंढा पेटवायचा. थंडीत रायगडात गेलात आणि पोपटी न खाता परत आलात, तर त्याला जाणं म्हणू नका. बाईंनी पाल्याचा वास घेतला आणि डोळेच मिटले. आबा समोर बसून बघत होते. जावई बघतानासुद्धा कुणी इतकं निरखत नाही.

"बाय, तुमी लगीन नाय केलं?"

"नाही."

"मंग आमच्या पोरीला पन तेच शिकवाल."

"अहो, ते शिकवावं लागत नाही, वेळ गेली की आपोआप होतं," बाई म्हणाल्या. आई पदर तोंडाला लावून हसली. आबा हसले नाहीत.

"आनि ह्या लढाईच्या कायद्याचं काय? लढाईत कुटला आलाय कायदा? लढाई हाच मोटा गुन्हा नाय?"

बाईंनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि वालाची शेंग तोंडात घातली. "शेंगा काय गोड आहेत!" आबांनी भुवया उंचावल्या. ह्या प्रश्नात बाई नापास झाल्याचं मला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

रविवारी सकाळी सत्यनारायण झाला, गाव जमलं, आबांनी नारळ फोडला आणि चादर खाली ओढली.

अख्ख्या भिंतीवर लाल क्रॉस. चांगला माणसाएवढा! खाली दादाचं नाव.

टाळ्या वाजल्या. मी बाईंकडे बघितलं. त्यांचे हात टाळी वाजवायला वर आले होते ते तसेच राहिले. मग त्यांनी शेजारच्या ताटातला पेढा उचलून तोंडात घातला, त्याच्यामागून दुसरा. गाल फुगलेले, डोळे भिंतीवर. कर्जतच्या अनोळखी दुकानात शिरून भांडणारी ही बाई माझ्यासाठी गप्प बसली होती. मला ते बघवेना. वाटलं, ह्या विषयासाठी दोन वर्षं परदेशात जायचं म्हणतेस आणि भावाच्या भिंतीपुढे बोबडी वळते तुझी?

"दादा," मी म्हटलं, "हा क्रॉस काढावा लागेल."

टाळ्या थांबल्या. दादाला वाटलं मी थट्टा करतेय. "का गं? वाकडा झालाय?"

"सरळ आहे. पण आपला नाही." आणि मी बोलत सुटले. लढाईत जखमींच्या तंबूवर, त्यांच्या गाड्यांवर ही खूण असते, ती बघून शत्रू गोळी झाडत नाही, आणि झाडली तर तो गुन्हा, त्याला शिक्षा.

दादाचा चेहरा उतरला. "कळंबात कुठलं युद्ध होणार आहे वसू? नाक्यानाक्यावर हा क्रॉस असतो, तुला माझाच सापडला? आणि आज?" त्याचं बरोबर होतं, दिवस त्याचा होता. आई मला डोळ्यांनी गप्प करत होती. बाई पेढा गिळायच्या प्रयत्नात होत्या.

आबा पुढे आले. आता संपलं, असं मी धरून चालले. जिनिव्हाही आणि घरचं येणं-जाणंही.

"ज्यांच्यासाटी भावाशी भांडतीस, ती मान्सं कोन?"

"जखमी सैनिक, आबा."

"आपले?"

"कुणाचेही."

"दुश्मनाचे पन?"

इथं खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं, "दुश्मनाचेसुद्धा. हातातलं हत्यार पडलं की तो नुसता जखमी माणूस."

आबा दादाकडे वळले. "सुरेश, आपल्या माळावर गवत राखायचं असलं की आपन काय करतो रं?"

"काठीला गवताची पेंडी बांधून उभी करतो."

"मंग गुराखी काय करतो?"

"गुरं वळवतो."

"अडवायला कोन असतं तितं?"

"कुणी नाय."

"आनि उद्या गावातल्या परत्येकानं आपापल्या दारात, खडकावर, उकिरड्यावर तशी काठी रोवली तर?"

"गुराखी बघणारच नाय तिकडं," दादा पुटपुटला.

"तसं हाय ते," आबा म्हणाले. "पेंटरला बोलव."

बाईंना आता राहवेना. पेढा खाली गेला होता. "डॉक्टरांची आपली वेगळी खूण असते हो, काठी आणि तिला वेटोळं घातलेला साप."

"साप?" पेंटर म्हणाला. "बाय, हितं पेशंट साप चावला म्हनूनच येनार. दारातच पुन्हा साप बघून उलटा पळंल की तो!" सगळं अंगण हसलं. शेवटी क्रॉस हिरवा करायचं ठरलं. "हिरवा? लोकांना बियाण्याचं दुकान वाटेल," दादा कुरकुरला, पण ब्रश त्यानेच उचलला आणि पहिला फटकारा त्यानेच मारला. मी शेजारी उभी राहून खालची बाजू रंगवली. अर्ध्या भिंतीनंतर त्याने माझ्या नाकाला हिरवा रंग लावला, तेव्हा मला रडू आलं आणि हसूही. पहिला पेशंट तासाभरात आला. ताप होता. बियाणं त्याने मागितलं नाही.

दुपारी नेरळला जाणाऱ्या एसटीला आबा पोचवायला आले. (तुम्हालाही परत येताना नेरळचा रस्ता जवळ पडेल.) खांद्यावर बाईंसाठी वालाच्या शेंगांची पिशवी. माझ्याशी चकार शब्द नाही. होकार नाही की नकार नाही. बस आली, बाई चढल्या, मी चढले. कंडक्टरने घंटा मारली तेव्हा आबा खिडकीपाशी आले आणि बाईंना म्हणाले, "तिकडं भात मिळंल का हिला?"

"मिळेल," बाई म्हणाल्या.

"आपल्यासारखा नसंल."

"नसेल."

"मंग जाताना बांधून देतो." आणि गाडी सुटली. बाईंनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी पिचली. नेरळ येईपर्यंत आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत होतो आणि मधूनच काही कारण नसताना हसत होतो.

मुंबईला येऊन मी त्याच रात्री जिनिव्हाला होकार लिहिला. पुढे शिकले, परत आले, बाईंच्या जागेवर पुष्कळ वर्षं शिकवलं. दर जूनला नवी मुलं विचारायची, हा विषय नक्की काय आहे, आणि मी फळ्यावर लांबलचक व्याख्या लिहायची. त्या सहलीतलं काय राहिलं म्हणाल, तर लेण्याचा गारवा राहिला, पोपटीचा वास राहिला, आणि आईने नंतर सांगितलेली एक गोष्ट राहिली. मी जिनिव्हाला असताना कळंबच्या बाजारात आबांना कुणी ना कुणी अडवायचं आणि विचारायचं, "काय हो, पोरगी वकील झाली म्हनं? कुनाची वकिली करते?"

आबा मान ताठ करून सांगायचे, "दुश्मनाच्या जखमी पोरांची."