बाबांच्या घड्याळाची चेन

माझ्या वडिलांच्या घड्याळाची चेन मी दीड तास खपून स्वच्छ केली आणि त्याच दुपारी ते घड्याळ आमच्या घरातून चोरीला गेलं.

म्हणजे घड्याळ घरातच होतं. बाबांच्या डोळ्यांसमोर. पण बाबांच्या मते ते चोरीला गेलं होतं, आणि बाबांचं मत बदलणं आमच्या घरात आजवर कुणाला जमलेलं नाही.

बाबा गवंडी. सगळं जानेफळ त्यांना मिस्त्री म्हणतं. गावातली निम्मी पक्की घरं त्यांच्या हातची. मेहकरच्या बाजारातून घेतलेलं ते स्वस्तातलं घड्याळ (चेन स्टीलसारखी दिसायची, स्टीलची नव्हती) त्यांनी कामावर कधी काढून ठेवलं नाही. त्यामुळे चेनीच्या कड्याकड्यांत सिमेंट, चुना आणि घाम यांचा एक काळपट थर घट्ट बसला होता. चार वर्षांपूर्वी काम सुटलं. गेल्या वर्षापासून विसर पडायला लागला. जेवलो की नाही, हे विसरायचे. माझ्या मुलीला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे. पण दिवसभर त्या चेनीवरून अंगठा फिरवत शांत बसायचे.

भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं. आजोबांच्या हातात असली कळकट चेन बरी दिसेल का? मी शाळेत विज्ञान शिकवतो (आठवीपर्यंतच, पण शिकवतो!). बाबा जेवून झोपल्यावर मी घड्याळ हळूच काढलं, चेन सुटी केली आणि कोमट पाण्यात कपड्यांची पावडर आणि लिंबू टाकून भिजत घातली.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, मोरीपाशी येऊन उभी राहिली. "काय करून राह्यले तुमी?"

"बाबांची चेन धुतो."

"त्याईनं सांगतलं का?"

"सांगायचं काय त्यात?"

"आन् हा ब्रश कोनाचा हाय?"

ब्रश तिचा होता. तो प्रश्न मी नंतरसाठी राखून ठेवला. पहिलं पाणी चहासारखं निघालं, दुसरं नालीसारखं. सिमेंट मात्र हटेना. मग मी सेफ्टी पिन घेतली आणि एकेक कडी कोरून काढली. चेन अशी चमकायला लागली की मलाच माझा अभिमान वाटला.

बाबा उठले. मी घड्याळ त्यांच्या हातात बांधलं. त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि घड्याळ काढून माझ्यासमोर धरलं.

"हे कोनाची घडी हाय?"

"तुमचीच हाय, बाबा. धुतली म्या."

"माह्या चेनीत सिमिट होतं."

"थे म्या काढलं."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी शाळेत खोटं बोलणाऱ्या पोराकडे पाहतो. "सिमिट काढलं म्हंते! अबे, म्या लावलेलं सिमिट आजलोक कोनाचं निंघालं?"

खरं होतं. त्यांची एकही भिंत आजवर खचलेली नव्हती.

त्या दिवसापासून शोध सुरू झाला. बाबांनी पिठाचा डबा पाहिला, गाद्या उलट्या केल्या, शेजाऱ्यांची मोरीसुद्धा तपासून आले. जेवण निम्म्यावर आलं. डाव्या मनगटावर, जिथं घड्याळ असायचं त्या जागी, ते उजव्या हाताचा अंगठा घासत बसायचे. चार दिवसांत तिथली कातडी लाल झाली. ते पाहिल्यावर मला हसू येणं बंद झालं.

लग्नाला त्यांना कसंबसं नेलं. त्रिशरण-पंचशील शांतपणे पार पडलं. जेवणाच्या रांगेत मात्र ते निसटले आणि एकेका पाहुण्याचं मनगट धरून पाहू लागले. मी पोचलो तेव्हा नवरदेवाचा मामा त्यांच्या तावडीत होता.

"साडेबारा झाले, बाबा," मामा अदबीनं म्हणाला.

"टाइम कोनं इचारला तुले? घडी कुठून आनली थे सांग!"

मामानं हात तसाच पुढे धरून ठेवला. बाबांनी त्याच्या चेनीवर अंगठा फिरवला, "हेही नाई," म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. मी मागून प्रत्येकाला हात जोडत चाललो होतो. बहीण लांबून माझ्याकडे पाहत होती.  ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी उपाय काढला. काढलेली घाण परत भरता येणार नाही का? मी थोडं सिमेंट आणलं, त्यात शेंगदाण्याचं तेल आणि चुलीतली राख कालवली आणि काडीनं कड्याकड्यांत भरलं. दोन दिवस वाळवून बाबांसमोर ठेवलं.

बाबांनी नखानं खरवडलं. भुगा बोटांवर चोळून पाहिला.

"हा माल कोनं कालवला?"

मी हात पाठीमागे लपवले.

"तेल टाकलं लेकानं सिमिटात! असा मिस्त्री कामावर नोको ठू."

शेवटी मी त्यांना बसस्टँडजवळ रशीदभाईंच्या दुकानात घेऊन गेलो. रशीदभाई तीस वर्षांपासून घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या घराचा स्लॅब बाबांनीच टाकलेला. मी खुणेनं घड्याळ दाखवलं आणि कानात सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्याचं भिंग काढून बाबांकडे पाहिलं.

"मिस्त्री, तुमची घडी माह्यापाशीच हाय ना! दुरुस्तीले टाकली तुमी. भूलले का?"

बाबांचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग काऊन सांगतलं नाई बे? कवा देतं?"

"एक पुर्जा अकोल्यावरून यायचा हाय. आला की देतो."

बाबा बाकावर टेकले. रशीदभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, असा मळ हातानं बनत नाई. घडी घाला, घामानं भिजू द्या, सिमेंटात हात घाला. तवाच भरंन थे."

"सिमेंटात? मी?"

"मंग कोन? धुतली कोनं?"

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. घरामागची कुंपणाची भिंत अर्धवट पडून होती. मी बाबांचं घड्याळ मनगटावर चढवलं, वर लांब बाहीचा सदरा घातला आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा हातात थापी धरली. लहानपणी धरू दिली नव्हती. "तू पुस्तक धर," म्हणायचे.

बाबा निंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचे. रोज सकाळी रशीदभाईंकडे चक्कर मारून "पुर्जा नाई आला" अशी बातमी आणायचे आणि मग दिवसभर माझ्यावर देखरेख करायचे. सकाळचं जेवण विसरणाऱ्या या माणसाला विटांचा एक थर जरी चुकला तरी तो दिसल्याशिवाय राहायचा नाही. "ओळंबा लाव! पोट निंघालं भिंतीले!" मी दोन वेळा रचलेलं त्यांनी दोन्ही वेळा पाडायला लावलं. पण भूक परत आली होती. मनगटावरची लाली गेली होती.

एका दुपारी ते मला परक्या माणसाला विचारावं तसं म्हणाले, "कोन्या गावचा हायेस रे तू?"

हातातली वीट तशीच राहिली. "इथलाच, जानेफळचा."

"बाप काय करते?"

"मिस्त्री हायेत."

"मिस्त्री?" त्यांनी माझ्या भिंतीकडे मान वळवून नीट पाहिलं. "मंग तू असा कसा निंघाला?"

सुनंदा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. मी वीट बसवली. वाकडीच बसली.

शाळा उघडायच्या आठवड्यात भिंत छातीपर्यंत आली. त्या दिवशी उकाडा एवढा होता की मी विसरून बाह्या वर सारल्या. बाबा खुर्चीतून उठले, सरळ आले आणि त्यांनी माझं मनगट पकडलं. अंगठा चेनीवर ठेवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला.  कड्यांत सिमेंट होतं, घाम होता, महिनाभराची धूळ होती.

"सापडली!" पुर्जा, दुरुस्ती सगळं विसरून ते ओरडले. "सुनंदा, पाह्य वं! घडी सापडली! चोर घरातच होता!"

मी घड्याळ काढून त्यांच्या हातात बांधलं. ते घरात गेले, पोटभर जेवले आणि चेनीवर अंगठा ठेवून झोपले. 

आता आमच्याकडे कुणीही आलं की बाबा त्याला आधी घड्याळ दाखवतात, मग माझ्याकडे बोट दाखवतात आणि आवाज खाली आणून सांगतात, "पोरगा मास्तर हाय, सोभावानं गरीब हाय. फक्त हात साफ नाई लेकाचा!"