भातगिरणीतलं हवाई दल

देशानं कुठलं लढाऊ विमान विकत घ्यावं, कुठलं घेऊ नये आणि जे पदरी आहे त्याचं काय करावं, हे दिल्लीत ठरतं अशी आपली एक भाबडी समजूत असते. कट्टा गावच्या बाजारात ती कोणी बाळगत नाही. तिथं हे सगळं परशुराम परबांच्या भातगिरणीत ठरतं. दिल्लीवाले ते कानावर घेत नाहीत, म्हणून तर सगळा घोळ होतो, असं खुद्द परशुभाईंचं म्हणणं आहे.

परशुभाई माणूस साठीच्या अलीकडचे, अंगानं काटक. पण भुवयांवर आणि मिशांवर कायम कोंडा बसलेला, त्यामुळे आहेत त्याहून म्हातारे दिसतात. आयुष्यात विमानात कधी बसले नाहीत. चिपीला विमानतळ झाला तेव्हा कुंपणाबाहेर उभं राहून एक विमान उतरताना पाहिलं, ‘पट्टी बरी आसा’ असा शेरा दिला आणि आले परत. घराण्यात कोणी सैन्यात नाही. असं असून हा माणूस रडार, इंजीन, क्षेपणास्त्रं यांच्याविषयी अशा काही अधिकारानं बोलतो, की नवख्याला वाटावं, हे नुकतेच कुठल्या तरी तळावरून रजेवर आलेत.

हे वेड लागलं ते नौदल दिनाला. तारकर्लीच्या किनाऱ्यावर विमानांच्या कसरती होणार म्हणून परशुभाई लेकीला, सृष्टीला, स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेले. विमानं डोक्यावरून गेली तेव्हा भाईंनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि मटकन वाळूत बसले. सृष्टी मात्र उभीच होती, मान वर करून. त्या दिवसापासून बापलेक दोघंही मोबाईलवर विमानं बघू लागले. भाई तर जेवतानासुद्धा मोबाईल तांब्याला टेकवून ठेवत. त्यांची बायको मथुरा म्हणायची, “आवो, आमटी थंड झाली. आता ता विमान तरी खावा.”

गिरणीत भाईंचा सिद्धांत एकच: नवं घेण्यापेक्षा जुनं सुधारा. त्याला पुरावा म्हणजे ती गिरणच. वडिलांच्या वेळची. मोटर बदलली, रबराचे रोल बदलले, चाळण बदलली, पट्टे तर किती बदलले असतील. सांगाडा तेवढा तोच. “सांगाडो घट्ट, तर सगळा घट्ट,” भाई लोखंडावर थाप मारून सांगत. “विमानाचा पण तसाच. आत नवीन रडार घाल, नवीन इंजीन घाल. उगाच परदेशातसून नवीन हाडूचा कित्याक?” मिग-२१ निवृत्त झालं त्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत गिरण बंद ठेवली होती. लोक भाताची पोती घेऊन ताटकळले, पण दुखवट्यात कोण काय बोलणार?

त्यांच्यासमोर विरोधी पक्ष म्हणून गुरुप्रसाद. बाजारात त्याचं औषधांचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो गिरणीत येऊन पोत्यावर बसायचा. त्याचं तत्त्व त्याच्या धंद्यातलं. “भाई, तारीख गेली की फेकूक व्हया! जुन्या गोळयेक नवीन वेष्टन घालून मी इकलंय, तर तू घेशीत?” मग भाई चिडत, गुरुप्रसादचा आवाज चढे, आणि भोवतीची माणसं आपापल्या सोयीनं बाजू घेत. ज्याचं भात भरडायचं बाकी तो भाईंच्या बाजूचा, ज्याला खोकला झालेला तो गुरुप्रसादच्या.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. निर्णय घ्यायला सरकार फार वेळ लावतं. आधी समिती, मग चाचण्या, मग चाचण्यांवर समिती, तोवर भाव वाढतात आणि घोंगडं भिजत पडतं. “एक दिवस माझ्याकडे खातां दी म्हणा,” भाई म्हणत. “जेवण करून हात धुवचे आधी ठरवतंय.” वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला की त्यांना तर विशेष चेव येई. पोरांना फार लाडात शिकवतात, असं त्यांना वाटे. “बेगीन आभाळात सोडूक व्हयी पोरां! पाण्यात ढकलल्याशिवाय कोणाक पवूक इला हा?”

असंच एकदा सुगीच्या दिवसांत, गिरणीत पोत्यांवर पोती लागलेली असताना, भाई पोरांना पाण्यात ढकलत होते आणि सृष्टी स्कूटर लावून आत आली. कुडाळला इंजिनिअरिंग करून ती हवाई दलाच्या परीक्षा देत होती, हे बाजाराला ठाऊक होतं. भाईंनीच सांगितलं होतं. फक्त ते सगळ्यांना ‘तिकडे कंप्युटरचा काम आसता’ असं सांगत. उड्डाण शाखा हा शब्द सृष्टीनं घरात स्पष्ट उच्चारला होता, पण तेव्हा तांब्याला टेकवलेल्या मोबाईलवर एक विमान कोलांटी घेत होतं.

तिनं मोटर बंद करायची खूण केली. गिरण थांबली.

“बाबा, यादीत नाव इला. पायलट म्हणान घेतल्यानी. जानेवारीत हैदराबादेक जावचा.”

गुरुप्रसाद टाळ्या वाजवायला उठला. कोपऱ्यात आपल्या भाताची वाट बघत बसलेल्या काशीबाईंनी तेवढ्यात विचारलं, “मगे परशुराम, कधी ढकलतंस तुझ्या चेडवाक?” सगळी गिरण हसली. भाईही हसले, पण हसताना त्यांनी मोटरचा खांब धरून ठेवला होता.

मग त्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “बघूया.”

या ‘बघूया’नं पुढं घरात ठाण मांडलं. आधी भाई म्हणाले, माहितगार माणसाला विचारायला हवं. मग बांद्याच्या एका निवृत्त फौजी पाहुण्याकडे जाऊन आले. पाहुणा म्हणाला, खुशाल पाठवा. तेव्हा भाईंना आठवलं, की हा तर पायदळातला, याला काय कळतं? मग म्हणाले, एक वर्ष थांबली तर? मग म्हणाले, जमिनीवरच्या नोकऱ्या काय वाईट असतात?

गिरणीतला त्यांचा सूर तर असा फिरला, की लोकांना आपल्याच कानांवर विश्वास बसेना. “जुनी विमानां सगळी मोडून टाका! नवीन घेवा, आजच्या आज! आणि जोपर्यंत नवीन येणत नाय, तोपर्यंत शिकवणी बंद!” गुरुप्रसाद बिचारा गडबडला. वाद घालायचा तर समोरची बाजू हवी, म्हणून त्याला जुन्या विमानांची बाजू घ्यावी लागली. सांगाडा घट्ट असेल तर काय हरकत आहे, असं तो मेडिकलवाला हळूच बोलून गेला, आणि भाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला.

सृष्टीनं हे सगळं बघितलं आणि एका सकाळी बापासमोर चहाचा कप ठेवून म्हणाली, “बाबा, मी जातलंय. ता ठरलेला आसा. पण तुमी तोंडान ‘जा’ म्हणूक व्हया. तुमी तोंड फिरवन बसलात, तर माझा लक्ष थय लागाचा नाय.”

भाईंना हे लागलं. कारण उडवणाऱ्याचं चित्त घरात अडकलं तर काय होतं, यावर त्यांनी स्वतःच गिरणीत कितीदा तरी प्रवचन दिलं होतं. ‘जा’ म्हणायला जीभ उचलत नव्हती, आणि न म्हणावं तर पोर अर्धं मन इथं टाकून वर चढणार. त्यांचा चहा थंड झाला.

मथुरा चुलीपुढून म्हणाली, “सरकाराक शिव्या घालतास. घरातलो एक निर्णय तुमच्यान होणा नाय. माका काय भय वाटणा नाय? पण मी तिचे लाडू वळूक घेतलंय.”

मग भाईंनी तेच केलं, जे निर्णय टाळणारा प्रत्येक जण करतो. फाईल वर पाठवली. गावच्या रवळनाथाला कौल लावायचं ठरवलं.

कौल म्हणजे देवाला सरळ विचारायचं. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी गळून पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आणि एकदा देव बोलला की त्यावर अपील नाही. जमिनीच्या वादापासून लग्नाच्या बैठकीपर्यंत गावात अजून हे चालतं, आणि कोर्टापेक्षा लवकर उरकतं.

सोमवारी सकाळी परशुभाई धुतलेला सदरा घालून देवळात उभे राहिले. शेजारी मथुरा आणि सृष्टी. मागं गुरुप्रसाद, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं, आणि काशीबाई, ज्यांना बोलावण्याची कधी गरज पडत नाही. धनेश गुरवानं कळ्या लावल्या आणि भाईंना म्हणाला, “विचारा.”

भाईंनी हात जोडले. “देवा म्हाराजा, शिकवूची विमानां जर नवीन असतीत, आणि मास्तर जर चांगलो असात, आणि पयलो एक वर्स जर नुसतो जमिनीवर शिकवणार असतीत, तर आणि तरच चेडवाक धाडूचा काय, आणि धाडूचा तर यंदा की फुडल्या…”

“भाई, भाई,” धनेशनं थांबवलं. “एका कौलाक एक प्रश्न. ह्या देऊळ आसा, संसद न्हय.”

मागं गुरुप्रसाद खोकला. भाईंनी घसा साफ केला. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, “चेडवाक धाडू?”

समईची वात हलत नव्हती. सगळ्यांचे डोळे त्या दोन कळ्यांवर. आणि बघता बघता डावीकडची कळी जराशी सरकली. पडली नाही. नुसती सरकली.

इतके दिवस भाईंना वाटत होतं, की देवानं एकदा ‘नको’ म्हटलं की आपण सुटलो. आणि आता ते ‘नको’ डोळ्यांसमोर घसरत येत होतं, तर त्यांचे ओठ आपोआप पुटपुटत होते, पडू नको, पडू नको. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती त्या कळीकडे बघत होती, श्वास रोखून. देव नाही म्हणाला तर ही पोर काय करेल, हे भाईंना एका क्षणात कळलं. ती जाईल. किंवा जाणार नाही, आणि जन्मभर मान वर करून आभाळाकडे बघत राहील. दोन्ही त्यांना सोसणार नव्हतं.

“धनेश, काढ ती कळी!” भाई ओरडले. “दोनय काढ!”

काशीबाईंनी तोंडावर पदर धरला. धनेश थिजला. “भाई, लावलेलो कौल अर्ध्यावर मोडूक येणा नाय.”

“देवाचे पाय धरतंय. काय ता प्राचित सांग, करतंय. पण माका आता देवाक विचारूचा नाय. माका सांगूचा आसा.”

धनेशनं देवाकडे पाहिलं, मग भाईंकडे. त्याचं वय तसं लहान, पण गुरवकी रक्तात. त्यानं दोन्ही कळ्या एकाच वेळी अलगद उचलल्या, तबकात ठेवल्या आणि म्हणाला, “मगे गाऱ्हाणा घाला. नारळ ठेवा.”

गाऱ्हाणं घालणारा देवाला मोठ्यानं सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा असतो. घालणाऱ्यानं स्वतः ते म्हणायचं नसतं. ज्याचं मागणं, त्यानंच होकार कसा द्यायचा? हे लहान पोरांनाही माहीत असतं.

भाईंनी नारळ ठेवला आणि गिरणीतला आवाज लावला.

“बा देवा रवळनाथा! परबांच्या घरातला ह्या लेकरू विमान चालवूक जाता हा. तेच्या पाठीशी उभो रव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या विमानाचा इंजीन नवीन असो नायतर जुना असो, तेका कमी पडा देव नको! शिकवणारो मास्तर थंड डोक्याचो दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“नवीन घेवचा काय जुना सुधारूचा, ता दिल्लीवाल्यांका सुचव. आणि बेगीन सुचव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात गुरुप्रसादचा आवाज सगळ्यात मोठा होता.

“हिच्या बापाशीन भियान कायबाय कारणां सांगली असतीत, आडवो इलो असात, ता पोटात घाल, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात मथुरेचा.

भाई थांबले. त्यांनी एक हात लेकीच्या खांद्यावर ठेवला.

“आणि देवा, जितक्या येळा तिका वर नेशीत, तितक्या येळा सुखरूप खाली हाड.”

मथुरेनं पदर डोळ्यांना लावला होता. सृष्टी खाली फरशीकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. गुरुप्रसाद उगाच चष्मा पुसत होता. धनेशचाही आवाज फुटेना. दुजोऱ्यावाचून गाऱ्हाणं तसंच लोंबकळत राहिलं.

तेव्हा परशुभाईंनीच, देवाकडे बघत, हळूच म्हटलं, “व्हय म्हाराजा.”