बिनचिठ्ठीची गोळी

दवाखान्याच्या खिडकीपुढे, रांगेतच, आमच्या यजमानांना रक्ताची उलटी झाली. काळी, चहाच्या चोथ्यासारखी. भिंतीला पाठ घासत ते खाली बसले. आतून कंपाउंडर म्हणाला, "काकू, त्यांना बाजूला घ्या. रांग अडतेय."

मी म्हटलं, "मग खिडकीच बाजूला घ्या."

आम्ही तेव्हा बिबवेवाडीत राहायचो. यजमान छापखान्यात कामाला. कामगारांच्या या दवाखान्यात कार्ड दाखवलं की डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि खिडकीवर औषध फुकट मिळे. यजमानांना दोन गोळ्या होत्या. एक गुडघ्याची. तिने पोटात आग पडायची, म्हणून दुसरी पित्ताची. मग एक दिवस फळ्यावर खडूने लिहिलं: जे औषध दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, ते इथे मिळणार नाही. पित्ताची गोळी बंद झाली. गुडघ्याची जालीम, दुकानात चिठ्ठीशिवाय न मिळणारी, म्हणून ती चालू राहिली.

मी दुकानातून पित्ताच्या गोळ्या आणल्या. यजमानांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"चिठ्ठी कुठाय?"

"लागत नाही."

"मग हे औषध नव्हे. चिठ्ठीशिवाय चिवडा मिळतो."

"चिवडा समजून खा."

नाही खाल्ली. मी कुटून वरणात घातली, तर म्हणाले, "वरणात चुना पडलाय." गुडघ्याची मात्र चिठ्ठीवरची, ती दोन्ही वेळा न चुकता. पोट धरून बसायचे, आणि पित्ताची गोळी पुन्हा सुरू झाली का, हे विचारायला दवाखान्यात जायचे. त्या दिवशीही त्यासाठीच उभे होते.

डॉक्टर धावत बाहेर आले. नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. म्हणाले, "पोटात जखम झालीय. मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं. तिथे पित्ताचं इंजेक्शन देतील."

यजमानांनी जमिनीवरूनच विचारलं, "त्याला चिठ्ठी लागते?"

"लागते."

"म्हणजे कार्डावर मिळेल?"

"मिळेल हो! आता बोलू नका."

यजमान माझ्याकडे वळले. चेहरा पांढराफटक, पण आवाजात तोरा. "बघ. औषध असं असतं."

मी म्हटलं, "अहो, आधी रिक्षात बसा. मेलात तर दाखल्याला डॉक्टरची सही लागते, ते तुम्हाला आणखी आवडेल."

हॉस्पिटलात चार बाटल्या रक्त चढवलं. यजमान वाचले. पुढे नऊ वर्षं जगले. मी अजून आहे, चिठ्ठीशिवाय.