तानुबाईला पाठ असलेले गट नंबर

नवरा वारला त्या साली विहिरीवर वीज घेण्यासाठी तानुबाईला शेताचा उतारा हवा होता. तालुक्याच्या कचेरीत नकला देणारा कारकून रुपचंद. त्याने तिला चौदा खेपा घालायला लावल्या. सही येत नाही म्हणून नावानेसुद्धा हाक मारत नसे. "ए अंगठा, उद्या ये!" उतारा हातात पडला तेव्हा केळी उभी वाळली होती.

तानुबाईने भांडण केले नाही. तिने पेरूची पाटी घेतली आणि रुपचंदच्या खिडकीखाली बसली. सहा वर्षे बसली. आत रुपचंद शिपायाला ओरडून सांगे, "मगन, चिंधा झुलालचा गट एकशे एकेचाळीस काढ!" बाहेर तानुबाई पेरू पुसता पुसता तो नंबर मनात ठेवी.

सत्त्याण्णव साली कचेरीत कॉम्प्युटरची खिडकी सुरू झाली. गट नंबर सांगा, पाच मिनिटांत उतारा घ्या. पण लोक तिकडे फिरकेनात. एक तर त्या छापील कागदावर भरवसा नाही, आणि आपला गट नंबर कुणाला ठाऊक? तो रुपचंदच्या दप्तरात. म्हणून गर्दी पुन्हा रुपचंदच्याच दारात.

तानुबाईने पहिला उतारा स्वतःचा काढला आणि पाटीला टाचून ठेवला.

"बँकेत चालतो का गं हा?" चिंध्याने विचारले.

"मना चालना. तुनाबी चालई. एकशे एकेचाळीस सांग जाय."

चिंधा गेला आणि पेरू खाऊन व्हायच्या आत कागद घेऊन परतला. मग काय, पार सोनगीर गावापासूनची माणसे आधी पाटीपाशी यायची, नंबर घ्यायची आणि नव्या खिडकीकडे वळायची. वर्षभरात रुपचंदसमोरचा बाक रिकामा पडला.

एक दिवस तो बाहेर आला. "तुझं काम कधीच झालं ना? मग आता कशाला बसतेस?"

"मनं व्हई गयं, नाना. तुमनं बाकी शे."

रुपचंदच्या निवृत्तीच्या आदल्या महिन्यात जुनी दप्तरे गाठोडी बांधून जिल्ह्याला गेली. त्याच आठवड्यात त्याला स्वतःच्या विहिरीवर वीज हवी झाली. अर्जाची मुदत त्या दिवशी संपत होती. तो नव्या खिडकीपाशी उभा राहिला.

"गट नंबर?"

रुपचंदला स्वतःचाच नंबर पाठ नव्हता. उभी हयात दुसऱ्यांचे नंबर ओरडण्यात गेलेली. घरचे कागद भावाकडे, भाऊ सुरतेला.

"तानुबाईला विचारा, नाना," रांगेतून कुणीतरी म्हणाले, आणि रांग खदखदून हसली.

रुपचंद पाटीपाशी आला. प्रथमच त्याने नावाने हाक मारली. "तानुबाई, माझा गट..."

तीनशे सात. दोनदा ऐकला होता, त्याच्याच तोंडून. तानुबाईने एक पेरू उचलला, पदराने सावकाश पुसला आणि जागेवर ठेवला.

"उद्या ये," ती म्हणाली.