बोंबील नावाचं जॅकेट

रविवार, २४ ऑगस्ट. सकाळी आठ, जेट्टी. हजर : होडीवाले पांडूदादा, त्यांची मुलगी दीपा, मी. गैरहजर : सुलभा परब. कारण... वहीत इथवर लिहून मी थांबले. इतक्या वर्षांत सुलभा उशिरा पुष्कळदा आली, पण गैरहजर कधीच नव्हती. जरा रागानेच फोन लावला. तो तिच्या भाच्याने उचलला. "आत्या पहाटे गेली. झोपेतच," तो म्हणाला. मी 'बरं' म्हटलं, फोन ठेवला, पेनाला टोपण लावलं. कारणाचा तो रकाना अजून रिकामाच आहे.

सुलभा महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवायची. वडील गिरणीत होते, गाव मालवणजवळचं. एरवी साधं मुंबईचं बोलायची, पण रंगात आली की मालवणीवर घसरायची. मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. बोरिवलीत आम्ही एकाच इमारतीत, ती दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. निवृत्त झाली त्या महिन्यातच ती मला पांडूदादांच्या होडीतून खाडीपलीकडे घेऊन गेली. मला वाटलं, फिरायला चाललोय. होडीत लाइफ जॅकेटं होती, पण जाळ्यांच्या ढिगाखाली दाबलेली. ती वाकून बघत म्हणाली, "मेधे, बुडताना कोण जाळी उचलत बसणार गं?" आमचं काम सुरू झालं ते तिथून.

दर रविवारी सकाळी आम्ही जेट्टीवर उभ्या राहायचो. जॅकेटचा पट्टा कसा ओढायचा, होडीत एका बाजूला गर्दी का करायची नाही, सोसाट्याचा वारा असला की परतीची घाई का करायची नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचं. फळ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहायच्या. नदी जिथे खाडीला मिळते तिथे वस्ती आहे. पावसाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या उधाणाला तिथे पाणी चढतं. ते जिथवर येईल तिथे सुलभा पांडूदादांच्या घराच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने रेघ मारायची आणि बाजूला साल लिहायची. "हवामान बदलतंय, समुद्र वर येतोय, हे माझ्या तोंडून कोण ऐकणार? भिंतीला सांगू दे," म्हणायची. एखाद्या वर्षी पाणी कमी चढलं तर तीही रेघ तितकंच मन लावून मारायची. "खोटं शिकवायचं नाही."

तिसऱ्या वर्षी पांडूदादा वैतागले. "बाय, त्या रेघा पूस बघू. दीपाचं लग्नाचं चाललंय. पावणे बघतील नि उठून जातील."

"जाऊ देत. जो बसून राहील त्याला पोहता येत असेल. त्यालाच जावई कर."

जावई बसून राहिला, पण त्याला पोहता येत नाही असं निघालं. सुलभाने त्याला भर मांडवात पोहण्याच्या वर्गाचा फॉर्म दिला.

आता जी गोष्ट लिहायची ती मी तिच्या हयातीत लिहायला हवी होती. सुरुवातीला जॅकेटं हरवायची. एक चहावाल्याच्या बाकावर उशी म्हणून सापडलं, एकावर मासळीवाली बसलेली दिसली. स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला हे सहन होत नाही. मी होडीत एक पत्र्याची पेटी ठेवली, जॅकेटांवर नंबर घातले, रजिस्टर केलं आणि पेटीला कुलूप लावलं. सुलभा म्हणाली, "कुलूप नको गं." मी म्हटलं, "मग हिशोब तू ठेव." किल्ली माझ्याकडे. त्यानंतर एकही जॅकेट हरवलं नाही, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग एका बुधवारी दुपारी, ओहोटीला, वाऱ्याच्या झोताने होडी गाळाच्या उंचवट्यावर जाऊन आदळली आणि दोन बाया पाण्यात पडल्या. पांडूदादांनी दोरी टाकून दोघींना वर घेतलं. एकीचा हात मोडला. जिवावरचं तेवढ्यावर निभावलं. पेटी बंद होती, आत सगळी जॅकेटं नंबराप्रमाणे रचलेली होती, आणि किल्ली साकीनाक्याला माझ्या पर्समध्ये.

रविवारी जेट्टीवर माणसं जमली. हात मोडलेल्या बाईचा नवरा ओरडला, "जॅकेटं काय शोकेसला ठेवलीत?" मी वही उघडून बसले होते. सुलभा उठली. "चूक माझी आहे. कुलूप लावायला मीच सांगितलं होतं." लोक तिला वाट्टेल ते बोलले. ती हात जोडून ऐकत राहिली. आणि मी... मी ते वहीत उतरवून घेतलं. तिच्या नावासकट.

घरी येताना मी म्हटलं, "तू असं का केलंस?"

"तू पुढच्या रविवारी आलीच नसतीस. मी बाई होते शाळेत, शिव्या खायची सवय आहे मला." मग हसून म्हणाली, "लिवलंस मा वहीत? झाला तर."

कुलूप तिने त्याच दिवशी काढलं. होडीच्या दोन्ही कडांना हूक ठोकले आणि माझे नंबर पुसून त्याच निळ्या रंगाने जॅकेटांवर माशांची नावं घातली. त्यानंतर लोक जॅकेट मागून घ्यायला लागले. सुरमईसाठी भांडणं व्हायची. पापलेट लहान मुलांना. बोंबील कोणी घेईना, म्हणून तो ती घालायची. "ओलो आसलो तरी बोंबील, सुको आसलो तरी बोंबील," म्हणत जेट्टीवर सगळ्यांच्या आधी पट्टा ओढून उभी. दाखवणाऱ्याने बोंबीलच घालायचा, हा तिचा नियम.

स्टोअरमध्ये चुकीची नोंद खोडत नाहीत. तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, खाली खरी नोंद लिहायची आणि दोघांनी सह्या करायच्या. मी ती नोंद पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत राहिले. ती गेल्यावर केली : 'कुलूप मेधा सावंत यांनी लावले. सुलभा परब यांनी नको म्हटले होते.' खाली माझी सही आहे. शेजारी तिच्या सहीपुरती जागा सोडली आहे. सोडायची पद्धत आहे म्हणून.

ते पान मी जेट्टीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. पांडूदादा होडीचं पाणी उपसत होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "बाय, आमाला ठाऊक होतं ते. किल्ली तुझ्या पर्सला लटकायची, सगळ्या होडीने बघितली होती. पण परबबाई बोलल्या, मग आमी कशाला बोलू?"

या वर्षीची रेघ पांडूदादांनी स्वतः मारली. जरा वाकडी आली आहे. सुलभाने हसत हसत पुन्हा मारायला लावली असती.

सगळ्यांच्या आधी जॅकेट घालून उभं राहायचं काम आता माझ्याकडे आलं आहे. बोंबील पहिल्याच हुकाला आहे. तिच्या मानेजवळची कड घासून मऊ झाली आहे, आणि पट्टा अजून तिच्याच मापाला ओढलेला आहे. ती काटकुळी, मी तिच्या दुप्पट. मला घालायचा तर पट्टा सैल करावा लागेल. मिनिटाचं काम. सहा रविवार झाले, मी हलवा नावाचं जॅकेट घालून उभी राहते आणि लोकांना सांगते की पट्टा आपल्या मापाचाच हवा. वहीत मागच्या पानावर बाकी कामांची यादी असते. सगळ्यात वरची ओळ अजून तीच आहे : बोंबीलचा पट्टा सैल करणे.