उलट्या पायांची भिकुबाई

साक्रीच्या बाजाराहून गावाकडं निघणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये माणूस बसत नाही, कोंबला जातो. टपावर कोंबड्यांची डालगी, मागं लोंबकळणारी पोरं आणि आत एकाच्या मांडीवर दुसरा. त्या दिवशी मात्र भिकुबाईच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. बाया कमरेत वाकून, टपाला डोकं टेकवून उभ्या राहिल्या, पण बसल्या नाहीत. भिकुबाईनं आधी सरकून जागा केली, मग पदरानं सीट झटकली, आणि तरी कुणी येईना म्हणून शेवटी तिथं भाजीची पिशवी ठेवली. वाटभर ती बाहेरच बघत राहिली.

कारण तिला ठाऊक होतं. गावातल्या प्रत्येक फोनवर एक व्हिडिओ फिरत होता. कापसाच्या शेतातून एक बाई तुमच्याकडं चालत येते. मोकळे सोडलेले केस तोंडावर आलेले, पदर छातीवर, आणि पाय उलटे. टाचा पुढं, बोटं मागं. अगदी जवळ आल्यावर तिची मान गर्रकन बाजूला वळते, केसांतून चेहरा बाहेर येतो आणि ती हसते. तो चेहरा भिकुबाईचा होता. वीसेक वर्षांनी तरुण, पण तिचाच.

त्यात शेजारच्या सारिकाच्या पोरीचा ताप उतरत नव्हता. त्यात कुणाची तरी गाभण शेळी मेली. मग काय, गावाला जोडणी करायला वेळ लागतो थोडाच? हापशीवर भिकुबाईची घागर दिसली की बाया आपल्या घागरी उचलून बाजूला व्हायच्या. पुढं तिला पाणी भरूच देईनात. दारात एकदा लिंबू पडलं, दुसऱ्यांदा काळी बाहुली. आणि गावात ज्याचा शब्द चालतो तो म्हातारा झुलाल पारावर बसून म्हणाला की पुढच्या बाजाराच्या आत डाकीण हुडकणारा भगत बोलवावा आणि सोक्षमोक्ष लावावा. भगत बाईचा सोक्षमोक्ष कसा लावतो हे त्या डोंगरपट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. डाकीण ठरलेली बाई एक तर गाव सोडते, नाही तर तिला त्याहून वाईट काही भोगावं लागतं.

खरं तर भिकुबाई याच गावची लेक, इथल्या बोलीत आंडेर. बाप गणपतनाना शेतकरी, पण पंचक्रोशीत नाव दोराचं. बांधावरची अंबाडी सोलून तो असे दोर वळायचा की बैल थकेल, दोर तुटणार नाही. लग्न होऊन भिकुबाई धुळ्याला गेली, नवरा गिरणीत होता, आणि ती गल्लीतल्या शिकणाऱ्या पोरांना जेवू घालायची. हाताला चव अशी की तिची शेवभाजी खाऊन पोरं ताटाला भाकरी फिरवत बसायची. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती माहेरी बापाच्या रिकाम्या घरात येऊन राहिली. गावाला तिच्या धुळ्याच्या दिवसांची काहीच माहिती नव्हती. आणि तिथं तिनं काय केलं होतं ते तिनंही कधी सांगितलं नव्हतं.

तिनं सिनेमात काम केलं होतं. एका नाही, तीन सिनेमांत.

जेवायला येणाऱ्या पोरांत एक प्रेमराज होता. त्याला सिनेमाचं वेड, आणि वेड म्हणजे खुळच. स्टँडवरच्या टपरीवर भुताच्या गोष्टीचं एक फाटकं पुस्तक त्याला सापडलं आणि त्यावर त्यानं अहिराणीत सिनेमा काढायचं ठरवलं. भाड्याचा हँडीकॅम, गल्लीतला तोताराम हिरो, समोरच्या घरातली दीपमाला हिरॉईन. सगळं जमलं, पण गोष्टीतल्या भुताचे पाय उलटे होते आणि ते उलटे करायचे कसे हे कुणाला सुचेना. प्लॅस्टरचे पाय करून झाले, चपला उलट्या बांधून झाल्या, तोताराम दोनदा गटारात पडला. ताटात भाकरी वाढता वाढता भिकुबाई म्हणाली, “पाय कसाले फिरावतस रे? बाईलेच फिरावा ना.”

आणि तिनं करूनच दाखवलं. लुगडं मागचं पुढं नेसली, पदर पाठीवर छातीसारखा पसरला, अंबाडा सोडून केस मागं मोकळे टाकले. मग कॅमेऱ्याकडं पाठ करून ती मागं मागं चालत आली. झपाझप, एकदाही वळून न बघता. कॅमेऱ्यात बघणाऱ्या प्रेमराजच्या अंगावर काटा आला. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. दोर वळताना एक जण टोकाला बसून फिरकी फिरवतो आणि दुसरा ओटीत वाख, म्हणजे अंबाडीचे सोललेले धागे घेऊन, ते सोडत सोडत, मागं मागं सरत जातो. भिकुबाई कळत्या वयापासून बापाच्या अंगणात अशीच चालली होती.

‘उलटा पायनी’ सीडीवर निघाला आणि धुळ्या-जळगावच्या खेड्याखेड्यांत चालला. मग दुसरा भाग आला, ‘उलटा पायनी परत उनी’. तिसऱ्या भागात तर भूत सासरी गेलं आणि सासूच भुताला पुरून उरली. पुढं पोरं पोटापाण्याला लागली. प्रेमराजनं धुळ्यात फोटो स्टुडिओ टाकला, तोताराम रावेरहून केळीचा ट्रक चालवू लागला, दीपमाला जळगावात नर्स झाली. गेल्या वर्षी प्रेमराजनं हौसेनं तिन्ही सिनेमे इंटरनेटवर टाकले. त्यातला एक तुकडा कुणी तरी कापला, वरचं नाव काढून टाकलं आणि सोडून दिला.

भिकुबाईनं प्रेमराजला फोन केला तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, मी येते, मला पिच्चर बघायचा आहे.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत चौघं जमली. दीपमाला ड्युटी बदलून आली होती, तोताराम ट्रक उभा करून. बेत असा होता की तिन्ही सिनेमांत कुठं तरी, एखाद्या चुकून राहिलेल्या शॉटमध्ये, लुगडं उलटं नेसल्याचं दिसत असेल. तेवढं सापडलं की गावाला दाखवता येईल. चुका म्हणाल तर पोत्यानं सापडल्या. स्मशानातल्या दृश्यात मागून एसटी गेली. मेलेल्या पाटलानं डास मारला. शिरपूरच्या जंगलात दीपमाला जीव घेऊन पळत होती आणि कोपऱ्यात एक माणूस शांतपणे चहा पीत उभा होता. तोतारामला हसू आवरेना, दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर ती पुन्हा गल्लीतली पोरं झाली. मग त्यांचं लक्ष भिकुबाईकडं गेलं. ती हसत नव्हती, पडद्यावरच्या स्वतःकडं बघत होती.

आणि हवं ते काही सापडलं नाही. प्रेमराजची एवढी एकच गोष्ट त्या काळी चोख जमली होती. शूटिंगच्या आधीमागचं काही शिल्लक असेल का म्हणून विचारलं तर त्यानं मान खाली घातली. कॅसेट एकच होती. दुसरा भाग त्यांनी पहिल्यावर काढला होता आणि तिसरा दुसऱ्यावर.

दीपमाला म्हणाली की बाईला डाकीण ठरवण्याविरुद्ध कायदा आहे, आपण आत्ताच्या आत्ता पोलिसात जाऊ. भिकुबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पोलीस एक दिवस येतीन. पानी माले रोज भरनं शे.”

तेव्हा ठरलं की अख्खा सिनेमाच गावाला दाखवायचा. हिरो-हिरॉईन समोर उभे, पडद्यावर तेच. एवढं बघून कुणालाही कळेल.

बाजाराच्या आदल्या दिवशी, दुपारी, मारुतीच्या मंदिराच्या सभामंडपात प्रेमराजनं चादर बांधली आणि खिडक्यांना पोती लावली. सगळं गाव आलं. काही कुतूहलानं, काही झुलालच्या शब्दाखातर, कारण तो म्हणाला होता की बघून घेऊ. सारिका तापलेल्या पोरीला खांद्यावर टाकून दाराशी उभी राहिली. दीपमालानं पोरीचे डोळे-जीभ बघितली, रक्त तपासायला उद्याच न्या म्हणून सांगितलं. सारिकानं मान हलवली, पण पोरीला भिकुबाईच्या बाजूच्या खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. भिकुबाईला ते दिसलं.

सुरुवात झकास झाली. पडद्यावर तोताराम मोटरसायकलवरून पडला आणि लोक खऱ्या तोतारामकडं बघून हसले. प्रेमराजनं सुटकेचा निःश्वास टाकला. मग कापसाचं शेत आलं.

लहान फोनवर जे भीती घालत होतं ते चादरीवर माणसाच्या दुप्पट उंचीचं होऊन चालत आलं. एक म्हातारी देवाचं नाव घेऊ लागली, सारिकाची पोर किंचाळली. मान वळली आणि भिकुबाई हसली तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं अक्षरशः मागं सरकली. ज्या सिनेमाला आपण इतकी वर्षं खेळ समजत होतो तो असा भेदरवून टाकणारा आहे, हे प्रेमराजला तेव्हा कळलं. एरवी त्याला आनंद झाला असता.

झुलाल काठी टेकत उठला. त्यानं शांतपणे सांगितलं की हा पिच्चर आहे हे त्याला समजलं, तो काही खुळा नाही. तोताराम खोटा पडला, पाटील खोटा मेला. “पन पाय खरा शेत ना,” तो म्हणाला. “यासनी पिच्चरसाठे खरी डाकीन धरी लयी.”

माणसांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, म्हणूनच इतकी वर्षं बोलली नाही. प्रेमराज घाईघाईनं लुगड्याची युक्ती सांगू लागला, तर मागून एकानं विचारलं की उलटं चालून शेतात कोण इतकं भरभर येतं, तू येऊन दाखव. प्रेमराज दाखवायला गेला आणि पायरीवरून पाठीवर आपटला. कुणी हसलं नाही. दाराजवळची माणसं नकळत दार अडवून उभी राहिली होती, आणि बाहेर जायला दुसरी वाट नव्हती.

भिकुबाईला भीती वाटत होती. पण त्याहून जास्त तिला राग आला होता, आणि तो बरा आला. तिनं दीपमालाला आपल्या घरी पाठवलं. आढ्याला टांगलेली फिरकी आण, म्हणाली, आणि कोपऱ्यातली वाखाची मोळी. सिस्टरबाईंना वाट द्यावी लागली. दोन्ही घेऊन त्या परत आल्या.

फिरकी म्हणजे काय, लाकडाची एक मूठ आणि तिच्यात फिरणारा आकडा. मूठ वापरून वापरून काळी झालेली. भिकुबाईनं वाख आकड्याला गुंतवला, उरलेला ओटीत घेतला आणि फिरकी झुलालपुढं धरली.

“धर,” ती म्हणाली.

झुलालनं हात मागं घेतला. पण ती मूठ त्याच्या ओळखीची होती. पोरसवदा असताना पावसाळ्याआधीचे दिवस तो गणपतनानाच्या अंगणात बसून हीच फिरकी फिरवायचा, आणि ओटीत वाख घेऊन समोरून मागं मागं जाणारी एक परकरी पोर त्याला हळू फिरव म्हणून दटावायची. त्याचा हात पुढं आला. फिरकी फिरू लागली.

भिकुबाई मागं चालू लागली. बोटांतून वाख सुटत होता, पीळ बसत होता, डोळे समोरच्या दोरावर. दारातली माणसं बाजूला झाली. तीन पायऱ्या ती पाठमोरी उतरली, मारुतीच्या अंगणातला दगड टाचेनं चाचपून टाळला, लिंबाची मुळी चुकवली. झपाझप, कापसाच्या शेतात आली होती तशीच. सगळं गाव मंडपाबाहेर आलं होतं. उलटं नेसलेलं लुगडं नव्हतं, मोकळे केस नव्हते. दोर वळणारी एक म्हातारी बाई होती आणि चाल तीच होती. जुनी माणसं एकमेकांकडं बघू लागली.

हापशीपाशी तिची पाठ लोखंडाला टेकली आणि ती थांबली. दोर मंदिरापासून हापशीपर्यंत ताठ ताणला होता. फिरकी घेऊन मंदिराच्या पायरीपर्यंत आलेल्या झुलालचा हात थांबला.

“सोडू नको, झुलालभाऊ,” ती तिथून म्हणाली. त्यालाही ते माहीत होतं. आता हात सुटला तर सगळा पीळ उलगडून जातो, केलेलं फुकट. “आते बठ्ठा गावले सांग. मी कोन शे?”

गावासमोर टाकलेला शब्द गिळणं झुलालला मरणाहून जड होतं. त्यानं इकडं तिकडं बघितलं, पण त्याच्या जागी बोलायला कुणी पुढं येईना, आणि टोक टाकून जाता येईना.

“गनपतनानानी आंडेर शे,” तो पुटपुटला.

“आयकू नई उनं.”

“हाई गनपतनानानी आंडेर शे!” झुलाल ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला. “हाई अशीच चालस. धाकलपनपाइन अशीच चालस. मीच फिरकी धरेल शे तिनी.”

बायांपैकी एकीनं तोंडाला पदर लावला. भिकुबाईनं हातातलं टोक हापशीच्या खांबाला गुंडाळून गाठ मारली, ओटीतला उरला वाख झटकला.

सारिका पोरीला घेऊन गर्दीतून पुढं आली. पोरीला तिनं दीपमालाकडं दिलं, हापशीचा दांडा धरला आणि हापसू लागली. भिकुबाईनं घागर आणली नव्हती. तिनं ओंजळ धरली आणि खाली वाकून पाणी प्यायली, पुन्हा धरली, पुन्हा प्यायली. सारिका हापसत राहिली.

मंदिराच्या पायरीवर झुलाल दोन्ही हातांनी फिरकी धरून उभा होता. सोड म्हणून त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.