दिलिनी कुठं राहते?

पुण्याहून मंडणगडला जायला मी निघाले ती चिडूनच. एसटीत चढताना कंडक्टर म्हणाला, "काकू, पिशवी वर ठेवा," तर त्याच्यावरही खेकसले. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. माझं डोकं फिरवलं होतं दिलिनीनं.

दिलिनी माझी भाडेकरू. श्रीलंकेची मुलगी, पुण्यात बौद्ध परंपरांचा अभ्यास करायला आलेली. खाली माझं पोळी-भाजी केंद्र आणि वरच्या खोलीत ती. परदेशी विद्यार्थिनी घरात ठेवायची म्हणजे काय असतं, ते मला तिच्यामुळे कळलं. ती आली त्याच दिवशी मी घरमालकीण म्हणून संगणकावर 'सी फॉर्म' भरला. अमुक परदेशी माणूस माझ्या घरी उतरलाय, अशी ती सरकारला दिलेली वर्दी. तिनं आपली नोंदणी वेगळी करायची. घर बदललं तर कळवायचं, कॉलेज परस्पर बदलायचं नाही, नोकरी धरायची नाही आणि व्हिसाची मुदत संपायच्या आत ती वाढवून मागायची. मी तिला पहिल्याच आठवड्यात दम भरला होता, "बाई गं, पोळी करपली तर दुसरी लाटता येते. हे तसं नाही."

तिनं मान डोलावली होती. आणि हीच बाई आषाढात मंडणगडकडच्या एका बौद्धवाडीत वर्षावास बघायला गेली, ती तिथलीच झाली. वर्षावास म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत चालणारं ग्रंथवाचन. कॉलेजची परवानगी घेतली होती, तेवढ्यावर तिला वाटलं, झालं. बाकी कुणाला काही कळवलं नाही. मुदत संपत आली तेव्हा घाईघाईनं अर्ज केला, त्यात वाडीचा पत्ता दिला, आणि मग मला फोन. "मावशी, पोलीस चौकशीला येणार आहेत. तुम्ही याल?" आवाज असा की नाही म्हणवेना. केंद्राला टाळं लावलं आणि निघाले.

ताम्हिणीतले धबधबे आता बारीक झाले होते. माणगावला चहा घेतला, तो इतका गोड होता की राग थोडा उतरला. तिथंच माझ्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. मुंबईच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, नाव गमरे. आंबेतच्या पुलावरून गाडी जाताना खाडीचं पाणी मातकट आणि भरलेलं दिसलं. पलीकडे गेलं की माती एकदम लाल होते. सड्यावर (जांभ्या दगडाचा उघडा माळ) तेरडा फुललेला, खाली भात पोटरीला आलेलं. गमरे म्हणाले, "कुणाकडं चाल्लाव?" मी वाडीचं नाव सांगितलं, दिलिनीचं सांगितलं.

"दिलिनीताय?" ते हसले. "आवो, ती आमच्याकडंच राह्यते की!"

मला हायसं वाटलं. चला, घरमालक वाटेतच भेटला.

फाट्यावर उतरून वाडीची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल हातात, एक पायात, अशी मी दिलिनीसमोर उभी राहिले. ती धावत आली. काळवंडली होती, गालांवर बाळसं चढलं होतं, आणि मराठी पार बदललं होतं. "मावशी, जेवलाव का?" म्हणाली. मी रागवायचं ठरवलेलं विसरले.

तिच्याबरोबर सुगंधाताई आल्या. वाडीच्या महिला मंडळाचं सगळं त्याच बघतात. त्यांचा नवरा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत पाळ्यांवर असतो, सुट्टीलाच घरी येतो. अर्जात दिलेला पत्ता यांच्या घरचा. मी विचारलं, "मग ते गमरे कसे म्हणाले, आमच्याकडं राहते?"

"त्यांच्याकडं पण राह्यली ना. श्रावणात."

हळूहळू उलगडा झाला. वाडीत वाचन रोज एकाच ठिकाणी होत नाही. घराघराचा नंबर लागतो. ज्या घरात वाचन, त्या घरात वाचणाऱ्याचं जेवण आणि अंथरूण. यंदा मुंबईहून येणारे वाचक आजारी पडले, म्हणून वाचायला बसली दिलिनी. देवनागरी तिला पाली शिकताना आलीच होती, त्यामुळे वाचनात अडखळत नव्हती. झालं, तिचा नंबर सुरू झाला. एका घरचे दिवस संपले की पुढच्या घरची माणसं येत, एक जण गादी घेई, एक जण पिशवी, एक जण उशी, आणि वाजतगाजत तिला घेऊन जात. आषाढापासून ती पोर अशी घरोघर फिरत होती.

"आणि सी फॉर्म?" मी कपाळावर हात मारला. "कुणी भरला?"

"दिलिनीताय बोलली होती तसं," सुगंधाताई म्हणाल्या. "मी म्हटलं, पाव्हण्याची वर्दी पोलिसात? आमी काय चोर ठेवलाय घरात? पाव्हणा आला तर पहिलं पाणी द्यायचं का पोलिसाला फोन लावायचा?"

मी पाणी प्याले.

त्या दिवशीचं जेवण मात्र विसरणार नाही. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी आणि वर तवसाचं धोंडस (काकडीचा गोड केक म्हणा हवं तर). दिलिनीनं खोबरं, मिरची आणि लिंबू घालून 'पोल सांबोल' केलं होतं, तिच्या देशातली झणझणीत चटणी. वाडीतल्या बायकांनी त्या चटणीचं नाव 'पोळ सांबार' करून टाकलंय, आणि ती आता तिथल्या सगळ्या घरांत होते. जेवताना दिलिनी हळूच म्हणाली, "मावशी, मुदत नाही वाढली तर मला जावं लागेल. माझा प्रबंध अर्धा आहे. आणि पौर्णिमेचं शेवटचं वाचन मला करायचंय." तिचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "खा आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस चौकशीला आले. एकटेच, मोटरसायकलवरून, साधा भला माणूस. विहाराच्या ओसरीवर बसले. सुगंधाताईंनी आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, "इचारलं तर सांगा, दिलिनीताय हितंच राह्यते." त्यांना म्हणायचं होतं, माझ्या घरी. पण ऐकणाऱ्यांनी आपापल्या घरी असं धरलं.

पोलिसांनी गमऱ्यांना विचारलं, "ही मुलगी कुठं राहते?"

"आमच्याकडं."

त्यांनी पुढच्या बाईंना विचारलं. "आमच्याकडं. आमच्या माळ्यावर झोपते."

तिसऱ्या घरची सून तर रागावलीच. "कोण म्हणतो नाय राह्यत? तिचा कंगवा बघा, आमच्याकडंच पडलाय!" आणि ती कंगवा आणायला धावली.

मी सुगंधाताईंना कोपरखळी मारत होते, डोळे वटारत होते, पण त्यांचा चेहरा अभिमानानं फुललेला. आपली माणसं कशी पाठीशी उभी राहिली! पोलीस हसत होते. मला वाटलं, हा माणूस समजूतदार आहे, निभावून नेईल. तेवढ्यात ते भागीआजींकडे वळले. वाडीच्या अगदी टोकाला एकट्या राहणाऱ्या, पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्या बाई.

"आणि आजी, तुमच्याकडं पण राहते का?"

"नाय हो साहेब," भागीआजी म्हणाल्या. "माझ्याकडं अजून यायची हाय. माझा लंबर शेवटचा, पुनवेला."

पोलिसांचं हसू गेलं. "नंबर? म्हणजे?"

कुणीतरी मन लावून विचारतंय म्हटल्यावर आजींना आनंद झाला. त्यांनी सगळं सांगितलं. पहिलं घर कोणाचं, मग कोणाचं, गादी कोणी उचलली, सगळं अगदी व्यवस्थित. पोलीस लिहीत राहिले. उठताना मला म्हणाले, "ताई, मला जे सांगितलं तेच लिहावं लागतं. उद्या रत्नागिरीला मोठ्या साहेबांना भेटा."

ते गेल्यावर सुगंधाताई आजींवर कडाडल्या. "काय गरज होती गं आजी?"

"रोज सकाळी पंचशीलात तोंडानं म्हणतो ना, खोटं बोलणार नाय?" आजी गडबडून गेल्या होत्या. "मग पोलिसासमोर बोलू?"

"आमी खोटं बोललो? राह्यली नाय आमच्याकडं?"

खोटं कोणीच बोललं नव्हतं. तेच तर झालं होतं.

रत्नागिरीला जायला गमऱ्यांनी जीप ठरवली. एवढ्या माणसांची गरज नव्हती, पण वाडी ऐकेना, आणि भागीआजी तर सगळ्यांच्या आधी जीपमध्ये बसून. मी दिलिनीची पिशवी बरोबर घ्यायला लावली. उत्तर काय येईल सांगता येत नव्हतं आणि पुण्याची गाडी रत्नागिरीहून मिळते. सुगंधाताईंना ते आवडलं नाही. "गादी तरी राहू दे," म्हणाल्या. गादी राहिली.

लोट्याला सुगंधाताईंचा नवरा महामार्गावर उभा होता, रात्रपाळी संपवून, डोळे लाल. कंपनीच्या बसगाड्या रांगेनं बाहेर पडत होत्या आणि हवेला औषधाच्या बाटलीसारखा वास. त्यानं खिडकीतून वडापावचा पुडा आत दिला. दिलिनीला म्हणाला, "ताय, साहेबांना सांग, आमच्या घरी लाईटबिल पण हाय." मला हसू आलं. परशुरामच्या घाटात आजींना उलट्या झाल्या. लिंबू हुंगत त्या सारखं एकच विचारत होत्या, "माझ्यामुळं झाला का गं हा?" दिलिनी त्यांची पाठ चोळत होती. "नाही आजी. चूक माझी आहे."

रत्नागिरीच्या कार्यालयातले अधिकारी तरुण होते. त्यांनी सगळ्यांना बसायला लावलं, चहा मागवला, आजींना पंख्याखाली बसवलं. कोणी अरेरावी केली असती तर भांडायला मला सोपं गेलं असतं! ते दिलिनीला म्हणाले, "मी ह्या सगळ्यांवर विश्वास ठेवतो. पण पुण्याचा पत्ता सोडल्याचं तुम्ही कळवलं नाही, इथं कोणी वर्दी दिली नाही, आणि अर्जातल्या घरात तुम्ही सध्या राहत नाही. मुदतवाढ मिळणार नाही. आज सकाळीच वरून तसं कळलंय. आहे त्या मुदतीत देश सोडा. तिकडून नवा व्हिसा मागा. मुदत उलटू दिलीत तर पुढं परत येणंच अवघड होईल."

"एक पुनव तरी," सुगंधाताई म्हणाल्या.

पौर्णिमा मुदतीच्या पलीकडे होती.

तेव्हा भागीआजी उठल्या. टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "साहेब, माझ्याकडं लिवा. आता लिवा, माझ्याकडं राह्यते."

अधिकारी खाली बघत म्हणाले, "आजी, तुमचंच खरं लिहिलंय."

बाहेर आलो. पुण्याच्या गाडीला वेळ होता म्हणून मांडवीच्या धक्क्यावर जाऊन बसलो. वडापाव तसेच गार झालेले. समुद्र करडा, शांत. दिलिनी म्हणाली, "असंच किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली गेलं की आमचं गाव." गमरे उगाच मासेमारीच्या बोटी दाखवत राहिले.

मग आजींनी दिलिनीचा हात धरला. "आजची एक रात चल. पुनव नाय तर नाय, वाचन आजच करू. मी घर सारवलाय."

मला चल म्हणावं असं फार वाटत होतं, आणि भीतीही वाटत होती. दिलिनीनं माझ्याकडे पाहिलं, मग आजींकडे. "नको आजी," म्हणाली. "अजून एक घर नको. मी आता नियमानं वागते. नियमानं वागले तरच परत येता येईल."

आजींनी हात सोडला. "बरं बाय," एवढंच म्हणाल्या. जीप वळली तेव्हा त्या मागच्या सीटवर पाठमोऱ्या बसलेल्या दिसल्या.

दिलिनी मुदतीच्या आत गेली. मी विमानतळावर सोडून आले. केंद्र पुन्हा सुरू झालं, गिऱ्हाइकं विचारतात, "काकू, कोकण कसं होतं?" मी भाताचं सांगते, तेरड्याचं सांगते, धोंडसाची कृती सांगते. सी फॉर्मचं कोणाला काय सांगणार? त्या पोरीनं एक निरोप पाठवला असता, वाडीतल्या एका घरानं एक वर्दी दिली असती, तर ती आज तिथं असती. नियम काही वाईट नाही. घरात कोण उतरलंय हे सरकारनं विचारू नये का? पण उतरलेल्या माणसाला घर एकच असतं, असं तो नियम धरून चालतो, आणि त्या वाडीत ते कोणाच्या डोक्यातच येत नाही. मीही फोनवर नुसती "जेवलीस का" विचारत राहिले, राहतेस कुठं हे विचारलंच नाही. वर तिची खोली रिकामी आहे. दुसरी भाडेकरू ठेवायला मन होत नाही.

आश्विनी पौर्णिमेला सकाळीच फोन आला. सुगंधाताईंचा नंबर, पण बोलत होत्या भागीआजी. वाचन त्यांच्याकडे होतं, गमरे वाचणार होते. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"तिचा इसा आला काय?"

"नाही आजी. अजून नाही. अर्ज केलाय तिनं."

"गादी माझ्याकडं आणलीय. वाजवत आणली पोरांनी. उशी पण." मग म्हणाल्या, "बाय, आता पोलीस आला ना इचारायला, तर मी सांगणार हाय. माझ्याकडंच राह्यते म्हणून सांगणार."